राहुकाळात वारलेला ईथर

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अखिल विश्वाला व्यापून राहिलेला, ज्याला रंग नाही, वास नाही, वजन नाही आणि जो आजवर कुणाच्याही दृष्टीस पडला नाही असा ईथर हा तंजावरात, राजवाड्याच्या मागल्या गल्लीत, आमच्या राहत्या घरी, एका रविवारी ऐन राहुकाळात वारला. बाकीच्या जगात तो त्याआधी कित्येक वर्षं वारला होता. पण बातमी आमच्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागला, आणि आली तेव्हा तात्यांनी ती घ्यायला नकार दिला. त्याचं सुतकही कुणी पाळलं नाही. उलट त्या दिवशी आमच्याकडे सोज्जी, म्हणजे शिरा होता, बज्जी, म्हणजे भजी होती, आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या एका डोळ्याभोवती काळं कडं होतं. असं का, ते सांगायला हे प्रकरण लिहिते आहे.

तात्या म्हणजे माझे आजोबा. घराबाहेर अख्खं गाव त्यांना 'सार' म्हणायचं, कारण अख्ख्या गावाला त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर, एक फळा टांगला आणि येईल त्या पोराला फुकट शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शाळेत प्रयोगाचं सामान एका कपाटात असे आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असे. सामान फुटेल म्हणून कपाट उघडत नसत. त्यामुळे तात्या प्रयोग फळ्यावर करायचे. थट्टा नाही, खरोखर करायचे. "आता इथं भिंग ठेवतो," म्हणून खडूनं भिंग ठेवायचे. "आता मेणबत्ती पेटवली," म्हणून पिवळ्या खडूनं ज्योत काढायचे आणि हात असा पटकन मागे घ्यायचे की पहिल्या बाकावरची पोरं फुंकर घालायला पुढे व्हायची. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग दोन फटींचा. आधी एक फट, तिच्यापुढे शेजारी शेजारी दोन फटी, त्यांतून निघालेली लाटांची वर्तुळं एकमेकांत घुसलेली, आणि पलीकडच्या पडद्यावर उजेड-काळोखाचे पट्टे. पट्टे काढायला ते खडू आडवा धरायचे. मधला पट्टा ठसठशीत, कडेचे हळूहळू विरत गेलेले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज सकाळी ते पट्टे बघून मगच कॉफी पितो.

"म्हणून प्रकाश म्हणजे काय?"

"लाट, सार!"

"कशातली लाट?"

"ईथरमधली, सार!"

हे इतक्या मोठ्यानं चालायचं की समोरच्या घरातल्या तमिळ पाटी, म्हणजे आजीबाई, ज्यांना एकाही शास्त्राशी देणंघेणं नव्हतं, त्याही पापड वाळत घालताना तालात 'ईथर, ईथर' म्हणायच्या. तात्यांचा तर्क सरळ होता. पाणी नाही तर पाण्याची लाट नाही, हवा नाही तर आवाज नाही. मग उजेडाची लाट सूर्यापासून इथवर येते ती कशातून? काहीतरी असायलाच हवं, आणि त्या काहीतरीचं नाव ईथर. 'कावेरीतलं पाणी काढून घेतलं तर लाट कुठं राहील?' असं ते विचारायचे. वर्षातले बरेच महिने कावेरीत पाणी नसायचंच, तो भाग निराळा.

(इथे एक खुलासा. ही मराठी मी पुण्याला सासरी आल्यावर शिकले. तंजावरात आम्ही बोलायचो ती मराठी ऐकून सासूबाईंना वाटलं होतं की मी कीर्तनातून पळून आले आहे. देवनागरी अक्षरं मी पंचविसाव्या वर्षी, दूधवाल्याच्या वहीवर गिरवून शिकले. त्याआधी माझी मराठी सगळी कानात होती आणि लिहिणं सगळं तमिळमध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्या एका गुन्ह्याच्या वेळी उपयोगी पडेल.)

घरात आणखी तिघं. माझे बाबा वीज कचेरीत कारकून होते. त्यांच्या मते उजेड म्हणजे युनिट, आणि त्यापलीकडे त्याच्या स्वभावात शिरण्याचं कारण नव्हतं. आई स्वयंपाकघरात असायची आणि तिथूनच घर चालवायची. तिच्या हातचं पिठलं आणि डांगर-पच्चडी जेवून माणसं आपापली मतं बदलत. आणि बाबांची धाकटी बहीण रुक्कु आत्या, पदार्थविज्ञानाची पदवीधर, मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका, वय अठ्ठावीस. मी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत, त्याच विषयात सहामाहीला नापास. म्हणून आत्या मला शिकवायची. तात्यांसमोर नाही, मागच्या परसात, दगडी दोणीपाशी, कपडे धुता धुता.

"नीट ऐक, तुळजे," ती म्हणायची. "पहिल्यांदा विलायतेतला एक थोर माणूस म्हणाला, उजेड म्हणजे दाणे. मोहरीसारखे, सरळ सुटलेले. तो इतका थोर होता की शंभर वर्षं त्याच्यापुढं कुणी मान वर केली नाही. हॉलंडातला एक जण म्हणत होता की ही लाट आहे, पण त्याला विचारतो कोण? मग आला एक डॉक्टर. त्यानं दोन फटी केल्या." आणि ती दोणीत दोन बोटं एकाच वेळी बुडवायची. दोन वर्तुळं पसरत एकमेकांत शिरायची. कुठे पाणी दुप्पट उसळायचं, कुठे जागच्या जागी शांत राहायचं. "बघितलंस? मोहरीत मोहरी घातली तर जास्त मोहरी होते. लाटेत लाट घातली तर कधी कधी शांत पाणी होतं. उजेडात उजेड घालून काळोख होतो. दाण्यांना हे जमायचं नाही."

"मग तात्यांचं बरोबर?"

"अर्धं." ती इकडेतिकडे बघून आवाज खाली आणायची. "ईथर भरलेला असेल तर पृथ्वी त्यातून पळते ना? मग वारा लागायला हवा. तू माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसतेस तेव्हा लागतो तसा. दोघांनी आरसे मांडून तो वारा मोजायचा प्रयत्न केला. नाहीच लागला. लोक चक्रावले. मग एका कचेरीतला कारकून उठला आणि म्हणाला, ईथरची गरजच नाही. वर आणखी म्हणाला की उजेड धातूवर आदळतो तेव्हा दाण्यादाण्यानंच आदळतो."

'कारकून' हा शब्द कानावर पडताच बाबा, जे केळीमागे पेपर वाचत असल्याचं सोंग करत, पेपर खाली घेऊन विचारायचे, "कारकून? नक्की कारकून? कचेरीच्या वेळात?" आणि त्या दिवशी घरात ताठ मानेनं वावरायचे.

"मग शेवटी दाणा की लाट?" मी वैतागून विचारायची.

"दोन्ही. म्हणजे आपण ज्याला दाणा म्हणतो तसा दाणा नाही, आणि ज्याला लाट म्हणतो तशी लाट नाही. जाताना कालव्यासारखा, पोचताना खळ्यातल्या भातासारखा." मग ती साडी पिळायची. "पुढचं मला सांगता येईना."

आता माझी मुलगी मला फोनवर एक चित्रफीत दाखवते. उजेडाचा एकेकच दाणा सोडतात. एक ठिपका इथे पडतो, एक तिथे, काही उमगत नाही. आणि हजारो ठिपके पडले की तेच पट्टे, मधला ठसठशीत, कडेचे विरत गेलेले. एकट्या दाण्याला दुसरी फट उघडी आहे हे कसं कळतं, असं ती मला विचारते. मी तिला सांगते, आमच्या गल्लीत एका घराचं मागचं दार उघडलं की पुढच्या सगळ्या दारांना कळायचं. त्याचं स्पष्टीकरण मिळालं की तुझंही मिळेल.

तर अडचण अशी होती. आमच्याकडे मुलगी पाहायला जो मुलगा यायचा, त्याला आधी तात्या पाहायचे. पत्रिका जुळली, सोज्जी-बज्जी झाली, कॉफी झाली की टंबलर खाली ठेवून ते विचारायचे, "प्रकाश कशातून चालतो?" त्रिचीचा पहिला मुलगा म्हणाला, "बल्बातून." दुसरा म्हणाला, "वायरमधून", तो एकट्या बाबांना आवडला. तिसरा कुंभकोणमचा इंजिनिअर, तो म्हणाला, "पोकळीतून." तात्या संतापले. "पोकळीत लाट! उद्या म्हणाल, रिकाम्या घागरीत पाणी हेलकावतंय!" पहिल्या दोघांच्या वेळी आत्या खूश होती. तिसऱ्याचं तिला जरा वाईट वाटलं, पण त्याच्या मिशा पाहता फार नाही.

चौथा मात्र वेगळा होता, कारण चौथ्याला ती ओळखत होती. सरकारी परीक्षेचे पेपर तपासायला जिल्ह्यातले शिक्षक तंजावरात जमायचे. तिथे एका पेपरात आत्याला ईथर सापडला. दोन फटींचं चित्र, पट्टे, आणि खाली 'ईथरमधली लाट'. तिनं लाल शाईनं शून्य द्यायला पेन उचललं, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा, पापनाशमच्या शाळेतला सेतुमाधवराव नावाचा शिक्षक वाकून म्हणाला, "थांबा. ते पट्टे बघा आधी. मधला ठसठशीत, कडेचे विरत गेलेले. हे कुणीतरी फार मायेनं शिकवलंय. चित्राचे मार्क द्या की." कुणी शिकवलंय हे आत्याला चांगलंच ठाऊक होतं. तिनं चित्राचे मार्क दिले. आणि त्या आठवड्यात सायकलवरून घरी येताना ती दोनदा घर ओलांडून पुढे गेली.

पुढचं वडीलधाऱ्यांनी जमवलं. पत्रिका आल्या, गेल्या, जुळल्या. रविवारी दुपारी तीन वाजता मुलगा आणि त्याची आई येणार असं ठरलं, म्हणजे साडेचारचा राहुकाळ लागायच्या आत सगळं उरकेल. आणि मी, आत्याचं भलं व्हावं आणि लग्नात मला एक रेशमी पावडै, म्हणजे परकर, मिळावी अशा दुहेरी निःस्वार्थ भावनेनं, एक निळं आंतर्देशीय पत्र आणलं आणि पापनाशमच्या शाळेच्या पत्त्यावर तमिळमध्ये लिहिलं: 'आजोबा विचारतील, प्रकाश कशातून चालतो. उत्तर: ईथर. जास्त बोलू नये. आपला एक हितचिंतक.' पेटीत टाकताना मला स्वतःच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं.

शनिवारी दुपारी आई काजळ धरत होती. मुलगी दाखवायची म्हणजे घरचं ताजं काजळ हवंच, असा आमच्याकडचा रिवाज. एरंडेलाचा दिवा, वर पालथी पितळी ताटली, आणि घरभर तो जरा कडवट, जरा गोड वास. आत्या आली ती हातात काचेची पट्टी घेऊन. देवाच्या चित्रांना चौकटी करणाऱ्या शेजाऱ्याकडचा उरलेला तुकडा. तिनं ताटली सरळ बाजूला केली आणि काच ज्योतीवर धरली.

"अगं, डोळ्यांत घालायचं काजळ काचेला फासतेस?" आई ओरडली. "उद्या माणसं तुझे डोळे बघायला येणार की काच?"

"काच, वैनी," आत्या म्हणाली. काच काळीकुट्ट झाल्यावर तिनं दाढीची दोन पाती एकावर एक दाबून धरली आणि फूटपट्टीच्या आधारानं त्या काजळीवर एकच ओढ दिली. दोन केसांएवढ्या रेघा उमटल्या, इतक्या जवळ की एकच वाटावी. मग ती मागच्या कोठीत गेली. कोठीला पश्चिमेकडे एकच खिडकी. तिथं तिनं पुठ्ठा ठोकला, पुठ्ठ्यात एक उभी बारीक फट ठेवली आणि फटीवर आमच्या नवरात्रातल्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीच्या, सजावटीचा लाल जिलेटिन कागद चिकटवला. चार वाजताचं ऊन त्यातून आलं. भाताच्या पोत्यांच्या काळोखात एक लाल उभी रेघ.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"तात्यांसाठी. त्यांचेच पट्टे त्यांना दाखवायचेत." पण तात्यांनी कोठीत यायला साफ नकार दिला होता. "चौतीस वर्षं मी तो प्रयोग केलाय. मला काय दाखवतेस?" असं म्हणून ते झोपाळ्यावर आडवे झाले होते.

काच अलगद डब्यात ठेवता ठेवता आत्या सहज बोलावं तसं बोलली. "तुळजे, उद्या तो ईथर म्हणाला तर मी नक्को म्हणणार."

पेटीत टाकलेलं पत्र मला आठवलं. "का? तात्या नाही का ईथर म्हणत?"

"तात्या म्हणतात कारण त्यांना ते खरं वाटतं. तो म्हणेल तो मला मिळवायला. असा माणूस जन्मभर ज्याला जे पाहिजे ते उत्तर देत बसेल. आज तात्यांना, उद्या हेडमास्तरांना, परवा मला."

परिस्थिती वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. तो ईथर म्हणाला तर तात्या हो म्हणणार आणि आत्या नाही. ईथर नाही म्हणाला तर आत्या हो आणि तात्या नाही. आणि त्याच्या खिशात, माझ्या सुवाच्य तमिळ अक्षरात, चुकीचं बरोबर उत्तर जाऊन पोचलेलं. त्या रात्री मी जेवले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण आईनं पिठलं केलं होतं.

रविवारी तीन वाजले, साडेतीन वाजले, चार वाजले. पापनाशमची बस येईना. अय्यंपेट्टैपाशी गवतानं भरलेला एक ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता, हे नंतर कळलं. आई बज्जीचं तेल तापवत होती, उतरवत होती, पुन्हा तापवत होती. आत्या मोरपंखी रेशमी साडीत, केसांत मोगरा माळून, मागच्या दारातून सूर्याचा हिशेब करत होती. परसातल्या नारळामागे तो सुमारे पावणेसहाला जायचा. आणि चार वाजून पस्तीस मिनिटांनी ते आले. उंच, काळासावळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं असलेला सेतुमाधवराव, आणि त्याची आई राजांबाई. राजांबाईंनी आमच्या दाराशी घड्याळ पाहिलं आणि पाय हवेतल्या हवेत थांबवला.

"राहुकाळ लागला की हो," त्या म्हणाल्या. "मी आता सहापर्यंत उंबरा ओलांडणार नाही."

तात्या तत्काळ म्हणाले, "अगदी बरोबर." दोन्ही घराण्यांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्यावरच. मुलगी पाहायला आलेली माणसं मुलीच्या तिण्णैवर कशी बसणार, म्हणून समोरच्या पाटींनी आपल्या तिण्णैवर चटई टाकली आणि पाहुण्यांना ताक दिलं. म्हणजे आता आम्ही इकडच्या ओट्यावर, ते तिकडच्या ओट्यावर, मध्ये सायकलभर रुंदीची गल्ली, आणि पुढे दीड तास. आतून बज्जीचा वास येत होता आणि कुणालाही बज्जी मिळत नव्हती. दोन्ही बाजूंच्या खिडक्या हळूहळू डोक्यांनी भरल्या.

दहा मिनिटं तात्यांनी कळ काढली. मग त्यांनी घसा साफ केला. "मुलगी राहुकाळात दाखवत नाहीत," ते समोर बघत म्हणाले. "परीक्षा घ्यायला हरकत नसावी. शाळेत घेतातच."

"घेतात, सार," सेतुमाधवराव उठून उभा राहिला.

"मग सांगा. प्रकाश कशातून चालतो?"

मधून एक मोपेड गेली, मागे केळीच्या पानांचा भारा. ती जाईपर्यंत त्यानं खिशात हात घातला आणि एक निळा कागद बाहेर काढला. माझा निळा कागद. तो त्यानं पाहिला, घडी केली, पुन्हा खिशात ठेवला. मी देवाचं नाव घ्यावं की पळावं हे ठरवत होते.

"सार, तुम्हाला कुठलं उत्तर पाहिजे ते मला ठाऊक आहे."

"ते कसं?"

"पेपर फुटलाय, सार."

गल्ली हसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. खिडकीच्या गजांमागून आत्यानं जे पाहिलं त्याबद्दल मी लिहिणार नाही.

"फुटू दे," तात्या म्हणाले. "उत्तर तर लिहा."

"लिहिता येईना, सार. ते बरोबर नाही."

"सेतु!" राजांबाई कळवळल्या. "म्हणून टाक की रे! एका शब्दाचं काय एवढं? सहा वाजता आपल्याला आत जायचंय!"

"अम्मा, तू ताक पी." आणि तात्यांकडे वळून, अगदी हळू, "ईथर नाहीये, सार."

तात्या फळ्याला पाठ लावून बसले होते. फळ्यावर कालची वर्तुळं आणि पट्टे तसेच होते. "मग लाट कशाची?"

"ते मला कळना, सार."

"कळना? कळना आणि शिकवता?"

"होय, सार. रोज दोन तास."

आतून हसू ऐकू आलं. मुलगी पाहायच्या दिवशी मुलीनं मोठ्यानं हसणं आमच्याकडे ऐकिवात नव्हतं. पाटींनी गालावर बोट ठेवलं. आणि हसणारी आत्या, राहुकाळ, रिवाज आणि मोगरा यांची पर्वा न करता, हातात काळी काच घेऊन सरळ ओट्यावर आली. "तात्या, सूर्य अजून पाऊण तास आहे. कोठीत चला. तुम्ही सगळेच चला."

तात्या हलले नाहीत. ते कुणाशीच बोलत नव्हते असं बोलले. "ईथर नाही, तर मी काय शिकवलं? अर्ध्या गावाच्या डोक्यात खोटा उजेड भरला चौतीस वर्षं?"

एवढं बोलताना ते एकदम म्हातारे दिसले. मला पावडैचा विसर पडला. सेतुमाधवरावानं चपला समोरच ठेवल्या, अनवाणी गल्ली ओलांडली आणि आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला.

"सार, तुमचे पट्टे खरे आहेत. असेच पट्टे काढलेला तुमच्या एका विद्यार्थ्याचा पेपर मी पाहिलाय. पट्ट्यांचे मार्क द्यायला लावले त्याला."

तात्यांनी मान वर केली. "किती?"

"तीनातले दोन."

"एक कशाचा कापला?"

"ईथरचा, सार."

"अस्सं!" तात्या ताडकन उठले. मार्क कापलेला त्यांनी उभ्या जन्मात सहन केला नव्हता. "एक मार्क! चला, दाखवा. बघतोच!"

राहता राहिल्या राजांबाई. एकीकडे राहुकाळ, दुसरीकडे बज्जीचा वास. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि निवाडा दिला. "मुलगी सहा वाजताच पाहू. आत्ता नुसता उजेड पाहून येऊ. उजेडाला कसला राहुकाळ?" आणि पदर खोचून उजवं पाऊल आत टाकलं.

कोठीत चिंचेचा, गुळाचा आणि नव्या भाताचा वास कोंडला होता. आत्यानं दार लावलं. पलीकडच्या टोकाला ती लाल उभी रेघ. काच डोळ्याला अगदी चिकटवून, ओरखडे उभे धरून, रेघेकडे बघायचं. आधी सेतुमाधवरावानं पाहिलं. काच परत देताना तो आत्याकडे बघून हसला. मग राजांबाई. "अय्यय्यो, एका रेघेच्या इतक्या रेघा? कुणी केल्या?" मग बाबा, मग पाटी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मग मी. लाल, काळी, लाल, काळी. उजेडात उजेड मिसळून झालेला काळोख, अगदी नीट आखलेला. दोणीतलं शांत पाणी.

आईनं दार किलकिलं करून आमच्याकडे पाहिलं आणि झारा गळून पडला. तात्या सोडून प्रत्येकाच्या उजव्या डोळ्याभोवती काजळीचं कडं. "बरं झालं," ती म्हणाली. "आता अस्की मंडळींना दृष्ट लागायची नाही." अस्की म्हणजे आमच्याकडे सगळी. आणि तिनं दार ओढून घेतलं.

शेवटी तात्या. त्यांनी चष्मा काढला, तो कुठे ठेवावा हे सुचेना, म्हणून सेतुमाधवरावाच्या हातात दिला. काच आधी आडवी धरली. "उभी, तात्या," आत्या कुजबुजली. त्यांनी उभी धरली. आम्ही वाट पाहत राहिलो. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. त्यांनी काच डोळ्यापासून हलवली नाही.

लग्न तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, झालं. लग्नाच्या फोटोत सगळे शहाण्यासारखे दिसतात, माझी हिरवी रेशमी पावडै सोडून, जी मी पत्राच्या गुन्ह्यासाठी अर्धा महिना आत्याचे कपडे धुऊन मिळवली. सेतुकाका आता निवृत्त झाले आहेत आणि लाट कशाची असं विचारलं की अजून 'कळना' म्हणतात. आत्या म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला एकदाही मला हवं ते उत्तर दिलेलं नाही. तात्यांनी तिण्णैवरच्या फळ्यावरचा ईथर शेवटपर्यंत पुसला नाही. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह तेवढं काढलं, आणि पोरांना ते वहीत उतरवून घ्यायला लावलं.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या कोठीत, त्या लाल रेघेसमोर तात्या उभे होते तेव्हा मला का कोण जाणे, हेडमास्तरांच्या जानव्याला बांधलेली किल्ली आठवली, आणि ते कधीच न उघडलेलं कपाट. तात्यांनी काच हळूच खाली घेतली. एका डोळ्याभोवती काळं कडं, त्यात पाणी. त्यांनी एकेका माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे, आत्याकडे, पापनाशमच्या पाहुण्यांकडे, आणि चौतीस वर्षं ते पट्टे खडूनं काढत आलेले सार, पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ओरडले:

"अय्यो, हे खरंच असतंय की!"